वरची नावं काढू नका

११ जुलै २००३, शुक्रवार

काढली. तिन्ही नावं काढली. पाच मिनिटांचं काम!

अंगणवाड्यांच्या तालुका ऑफिसातले आमचे साहेब खुर्चीमागे उभे होते. सोमवारी ठाण्याहून जिल्ह्याच्या मॅडम येणार, त्यांना प्रोग्राम दाखवायचाय. मुलाचं नाव, जन्मतारीख आणि वजन भरलं की कॉम्प्युटर स्वतः वय काढतो आणि मूल कुठल्या श्रेणीत बसतं ते सांगतो. तिसरी-चौथी श्रेणी म्हणजे फार खंगलेलं मूल. त्याला दुप्पट आहार, डॉक्टरची तपासणी. आजवर अंगणवाडीच्या सेविका तक्त्यावर बोट फिरवून हे शोधायच्या. सगळ्या मोखाडा तालुक्याचा गोषवारा करायला आठ-आठ दिवस जायचे.

साहेब म्हणाले, "हे सुरुवातीला काय येतंय? कोण ही ममता गांगुर्डे? आणि हे दुसरे दोघं?"

सांगितलं — जव्हारला माझा मित्र रोहिदास कॉम्प्युटर क्लास चालवतो, त्याने नाशिककडून फ्लॉपीवर आणला. मी त्यात आपली गावं, पाडे घातले, रिपोर्ट मराठीत केले. तीन महिने बसलो.

"सरकारी कामावर बाहेरच्या बाईचं नाव आणि फोन नंबर? उद्या मॅडमनी विचारलं तर काय सांगू? आणि तीन महिने तू बसलास ना? मग तूच केलास की."

मी पडद्यावरचं पुढे वाचत गेलो.

नावांखाली इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं होतं — हा प्रोग्राम कुणीही घ्या, बदला, वाटा. फक्त वरची नावं काढू नका. काय बदललं ते आपल्या नावासह खाली लिहा.

फुकट दिलं म्हणजे दिलं ना? मग अट कशी? आणि अट असेल तर मग दिलं कसं? डोकं चालेना. साहेब उभेच होते. काढली.

१२ जुलै, शनिवार

एक नाव आत राहिलंच होतं! तारीख वाचणारा जो तुकडा आहे, त्याचं नावच 'ममताडेट'. सतरा ठिकाणी. कॉम्प्युटरचा स्वतःचा एक तसाच तुकडा असतो — 'सीडेट'. काम तेच. सतराही ठिकाणी ममताडेट पुसून सीडेट टाकलं. कुठेही अडलं नाही. उलट प्रोग्राम सुटसुटीत झाला.

१४ जुलै, सोमवार

मॅडम खूश. "एवढ्याशा ठिकाणी एवढं काम!" म्हणाल्या. सीडी करून घेऊन गेल्या, तीन तालुक्यांना देणार आहेत. साहेब माझ्या पाठीवर हात ठेवून उभे. माझी नोकरी डिसेंबरपर्यंतच्या करारावर आहे, मॅडमसमोरच म्हणाले, "याला आता सोडायचा नाही."

१७ जुलै, गुरुवार

बाबा बाजाराला आले होते, ऑफिसात डोकावले. म्हणाले, "ते तुझं दाखव." दाखवलं. पडद्यावर येतं — 'निर्मिती : हरेश पुंजा भोये'. बाबांना वाचायला वेळ लागतो. 'हरेश' वाचलं. मग 'पुंजा'वर बोट ठेवलं, काचेवरच.

"माझंही टाकलंस?"

"मधलं नाव टाकतातच."

चहा न पिताच गेले. आईला सांगायची घाई असणार.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण ते गेल्यावर मी पडदा बंद करून टाकला.

२९ जुलै, मंगळवार

एका मुलाचं वय उणे दोन महिने! जन्मच व्हायचाय म्हणे. सेविकेने तारीख चुकीची लिहिली असणार. कागद परत पाठवला.

१ ऑगस्ट, शुक्रवार

तीच तारीख परत आली. खाली लाल पेनाने — 'बरोबर आहे'. साहेब म्हणाले, "यांना तारखा कुठे लिहिता येतात! एक महिना धर आणि पुढे चल." धरला.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदनानंतर प्रशस्तिपत्र मिळालं. 'संगणक प्रणाली विकसित केल्याबद्दल'. रोहिदास जव्हारहून मोटरसायकलवर मुद्दाम आला होता. टाळ्या वाजवल्या. नंतर टपरीवर विचारलं, "वरची नावं ठेवलीस ना रे?"

"साहेबांनी काढायला लावली."

तो वडा खात राहिला. मग म्हणाला, "माझं तर त्यात काही नाही. मी नुसती फ्लॉपी आणली. पण त्या बाईने दुसरं काय मागितलं होतं?"

मी म्हटलं, "सगळेच काढतात. तुझ्या क्लासमधलं सगळं विंडोज कुठनं आलंय?"

"ते वेगळं."

"कसं वेगळं?"

त्याने दुसरा वडा मागवला. म्हणजे कुणालाच नीट माहीत नाही. मग मलाच का टोचावं?

९ सप्टेंबर, मंगळवार

काही नाही. भरणं चालू. अकराशे मुलं झाली.

२२ सप्टेंबर, सोमवार

गोजाबाई आल्या. पोशेऱ्याकडच्या एका पाड्यावर सेविका आहेत, वीस वर्षं. छत्री दारात आपटली, ओलं रजिस्टर माझ्या टेबलावर उघडलं.

"ही सकू. भागीची पोर. तुझा कॉम्प्युटर हिला दुसऱ्यात टाकतो. माझ्या तक्त्यात ती तिसऱ्यात हाय."

मी वजन पाहिलं. सहा किलो चारशे. दोन्हीकडे तेच. म्हटलं, "बाई, तक्त्यात डोळा चुकतो कधी कधी. हे गणित करतं."

"गणित करतो तर पोरीला वय विचार की त्याला!"

विचारलं. बारा महिने.

"आता मोज. नऊ मार्चची हाय ती. गेल्या साली शिमग्याच्या आधीची. किती झाले?"

मी बोटांवर मोजलं. त्यांच्यासमोर, लहान पोरासारखं. अठरा.

"अठरा म्हैन्यांची पोर बाराची धरली तर ती बरीच दिसनार ना? दुप्पट आहार बंद झाला तिचा. भागी मला विचारते, तुमी का बंद केला? मी काय सांगू — कॉम्प्युटरने केला?"

त्या निघून गेल्या तरी टेबलावर पाणी साचलेलं होतं. मी फडकंही मारलं नाही.

२३ सप्टेंबर, मंगळवार

सापडलं.

रोहिदासने दिलेली मूळ फ्लॉपी घातली. तारीख तीच — ९/३/२००२. ममताडेट म्हणतं नऊ मार्च. सीडेट म्हणतं तीन सप्टेंबर!

आपला कॉम्प्युटर अमेरिकेच्या पद्धतीने वाचतो, आधी महिना मग दिवस. दिवस बाराच्या वर असला की तेरावा महिना नसतो, तेव्हा निमूटपणे उलटून बरोबर वाचतो. म्हणून बरीचशी मुलं बरोबर निघत होती आणि मला शंका आली नाही. पण एक ते बारा तारखेला जन्मलेल्यांचं काही खरं नाही. कुणी मोठं होतं, कुणी लहान. ते उणे दोन महिन्यांचं मूल! तारीख बरोबरच होती. लाल पेनाने सांगितलं होतं त्या सेविकेने.

ममताडेटच्या डोक्यावर ओळ होती, मी तेव्हा वाचलीच नव्हती — 'दिवस आधी, महिना नंतर. कॉम्प्युटरवर सोडू नका.'

म्हणजे मी तिचं नाव पुसलं, आणि...

नाही. मला नाव पुसायचं होतं फक्त. बाकी काही पुसायचं नव्हतं.

२४ सप्टेंबर, बुधवार

सगळी मुलं दोन्ही पद्धतींनी काढली. अकराशे चाळीस. शहाण्णव मुलांची श्रेणी बदलते. त्यातली एकतीस तिसऱ्या-चौथ्यात हवी होती आणि माझ्यामुळे पहिल्या-दुसऱ्यात बसली होती. यादी छापली. दुमडून खिशात ठेवली. घरी जेवताना खिशात हात गेला की कागद लागत होता.

२५ सप्टेंबर, गुरुवार

दुरुस्ती केली. पण कशी केली ते लिहायला हवं, नाहीतर इथेही खोटं होईल.

ममताडेट परत टाकलं तर नाव परत आलं. मग तोच तुकडा घेतला, अकरा ओळी, आणि त्याला म्हटलं 'हरेशडेट'. मधली अक्षरं बदलली. एक ओळ वर-खाली केली. चाललं.

आता ते माझं का? तारीख वाचायला वेगळी कुठली पद्धत आहे? दिवस घे, महिना घे, वर्ष घे. मी स्वतः लिहिलं असतं तरी असंच झालं असतं. पण मी स्वतः लिहिलं नाही. मी समोर ठेवून लिहिलं. कविता असती तर लगेच कळलं असतं. हे म्हणजे — बैलाला दावं बांधल्यासारखं. गाठ कुणाची म्हणायची?

दुपारी हरेशडेट पुसलं. परत ममताडेट. निदान गोजाबाईंच्या पोरांचं तरी बरोबर होईल.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

साहेबांना सांगितलं. यादी टेबलावर ठेवली. त्यांनी दोनदा वाचली. चष्मा काढला.

"कुणाला बोललास?"

"नाही."

"दुरुस्त झालं ना? मग आहार सुरू कर या पोरांचा, आजपासून. आणि विषय संपला."

"ठाण्याला सीडी गेलीय साहेब. तीन तालुके..."

"मी बघतो."

"आणि मूळ नावं? ती परत..."

"हरेश, प्रशस्तिपत्र घेतलंस ना? मी सही करून दिलंय. आता त्यावर काय लिहू — दुसरीने केलं, याने बिघडवलं?"

वाईट माणूस नाही. आहाराचं पत्र माझ्यासमोरच काढलं, सही केली, शिपायाला पळवला. मग बरोबर कोण आणि चूक कोण? मुलांचं काम झालं. नाव लागलं नाही तर काय बिघडलं? पण मागच्या वेळीही मी हेच म्हटलं होतं.

२९ सप्टेंबर, सोमवार

जीपने पोशेऱ्याला, तिथून चालत. गोजाबाई पुढे, मी मागे. नागलीचं पीक गुडघ्याच्या वर आलंय.

भागी घरीच होती. नवरा बुध्या कुणाच्या तरी खाचरात मजुरीला. एक खोली, कुडाची. सकू तिच्या मांडीवर, डोकं मोठं दिसत होतं. माझ्याकडे बघून रडली नाही. रडली असती तर बरं वाटलं असतं.

गोजाबाईंनी सांगून टाकलं, "हाच तो. कॉम्प्युटरवाला."

मी म्हटलं, "माझ्या हातून चूक झाली. तुमच्या मुलीचं वय चुकीचं लागलं."

भागी म्हणाली, "वय लिवून दिला होता बाईंनी."

"हो. त्यांनी बरोबर दिलं होतं."

"मग?"

आता हिला काय सांगू? एका बाईचं नाव पुसलं म्हणून तुझ्या पोरीच्या वयातले सहा महिने गेले? मी म्हटलं, "मशिनने उलटं वाचलं."

लगेच लाज वाटली. मशिनने नाही. पण शब्द निघून गेला होता.

भागी म्हणाली, "आता खाऊ चालू व्हईल ना? नाय, नुसता सांगा. चालू व्हईल ना?"

"झालाय."

"मग बसा."

कोरा चहा दिला. कप दोनच होते. गोजाबाईंनी बशीत घेतला.

परत येताना गोजाबाई म्हणाल्या, "मशिन म्हनलास तू." एवढंच.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

फोन लावला. एसटीडीच्या काचेच्या खोक्यात उभा राहून. जुन्या फ्लॉपीवरचा नंबर. वाटलं लागणार नाही. लागला!

"ममता बोलतेय." मागे पोरांचा गोंगाट. कुठल्याशा संस्थेत कॉम्प्युटर शिकवते म्हणे.

मी पाठ केलेलं सगळं विसरलो. एका दमात सांगितलं — नावं, सीडेट, एकतीस. ती मध्ये एकदाच बोलली, "दार लावते, थांबा."

मग विचारलं, "एकतीसांना आहार सुरू झाला?"

"हो."

"आणि ते तीन तालुके?"

"साहेब बघतो म्हणाले."

"बघतो म्हणाले की कळवलं?"

मला माहीत नव्हतं. म्हणाली, "पेठला आमचंही असंच झालं होतं. सीडेट. दोन आठवडे कळलं नाही. तेव्हाच ते ममताडेट लिहिलं. नाव मी नाही ठेवलं, तिथल्या शिक्षकाने गंमत म्हणून ठेवलं."

मी विचारलंच, "मग नावं ठेवायची ती कशासाठी? मानासाठी?"

"मान का नको? चार महिने बसले मी त्याला." ती हसली नाही. "पण चूक निघाली तर कुणाला फोन करायचा ते कळायला पण. मी गेल्या वर्षी दोन सुधारणा पाठवल्या, ज्यांनी कळवलं त्यांना. मोखाड्यात चालतोय हे मला कोण सांगणार होतं?"

"तुम्हाला राग आलाय का?"

"आलाय. फोनवर काय करू त्याचं? तुम्ही नावं परत टाका. आणि खाली स्वतःचं लिहा — काय जोडलं ते. आणि काय काढलं होतं, तेही."

"तेही?"

"म्हणजे पुढचा काढणार नाही."

६ ऑक्टोबर, सोमवार

दोन दिवस तीच ओळ मनात लिहितोय. 'ममताडेट काढून सीडेट टाकले, त्यामुळे वय चुकले — हरेश पुंजा भोये.' हे नाव लावणं झालं की नाव घालवणं? जो कोणी उघडेल तो वाचेल. कायमचं. चांगलं काम केलं त्याची एक ओळ, घाण केली त्याची एक. दोन्हीत बाबांचं नाव.

७ ऑक्टोबर, मंगळवार

लिहिलं. वर तिन्ही नावं. खाली मी — गावं-पाडे, मराठी रिपोर्ट. त्याखाली ती ओळ. त्याखाली — 'चूक दाखवून दिली : गोजाबाई महाले, अंगणवाडी सेविका'. त्यांना आधी विचारलं होतं. "कॉम्प्युटरात? माजं?" म्हणाल्या, आणि मग, "स्पेलिंग नीट लिव."

तीन सीड्या केल्या. साहेबांना न विचारता रजिस्टर पोस्टाने तिन्ही तालुक्यांना पाठवल्या. वर पत्र. पोचपावत्यांची वाट बघायची आता.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

बाबांना सांगितलं. सगळं. ते दोरी वळत होते.

"मग माझं नाव गेलं?"

"नाही. खाली आहे. चौथं."

"वरचे तिघं मोठे का?"

"आधीचे."

"मग बरोबर आहे," म्हणाले. पण दोरीचा पीळ सुटला, परत घालावा लागला.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

दोन पोचपावत्या आल्या. तिसऱ्या तालुक्यातून थेट साहेबांनाच फोन! "तुमच्या पोराने हे काय पाठवलंय?" साहेबांनी मला बोलावलं. ओरडले नाहीत. "मी कळवणार होतो," म्हणाले. "माझ्या पद्धतीने." खरंच कळवणार होते का? कदाचित. आता कधीच कळणार नाही. "डिसेंबरनंतरचं बघू," म्हणाले. मला कळलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

पाड्यावर वजनं. दिवाळीनंतर बरीच घरं बंद, माणसं वीटभट्टीवर गेलेली. बुध्याही गेला, एकटाच. भागी या वर्षी थांबलीय. गोजाबाईंनी थांबवली. सकू जव्हारला डॉक्टरकडे दोनदा जाऊन आली. सहा किलो नऊशे. तिसऱ्यातच आहे अजून. पण वजनाच्या झोळीत घातल्यावर रडली. मोठ्याने!

एकतीसपैकी सव्वीस मुलांचं वजन झालं. पाच आईबापांबरोबर भट्टीवर. कुठल्या भट्टीवर, गोजाबाईंनाही माहीत नाही.

३१ डिसेंबर, बुधवार

करार संपला. साहेबांनी हात मिळवला. "हुशार आहेस," म्हणाले. नंतर कळलं, नवीन मुलगा येणार आहे.

मी वाईट केलं आणि ते चाललं, तेव्हा प्रशस्तिपत्र. नीट केलं तेव्हा हे. मग कशाचा काय अर्थ लावायचा? ममताताईंना पत्र लिहिलं, पण हे लिहिलं नाही.

१२ जानेवारी २००४, सोमवार

जव्हारला, रोहिदासच्या क्लासमध्ये शिकवायला लागलो. पहिल्याच दिवशी एका मुलीने विचारलं, "सर, मैत्रिणीचा प्रोग्राम कॉपी केला तर चालतो का?" मी म्हटलं, "चालतो." मग म्हटलं, "थांब." मग पूर्ण तास त्यातच गेला. शेवटी तिलाही कळलं नाही आणि मलाही. वहीत तिने काय लिहून घेतलं कोण जाणे.

२ फेब्रुवारी, सोमवार

ममताताईंची नवी फ्लॉपी आली. आता नऊ नावं आहेत. गोजाबाईंचंही आहे, स्पेलिंग बरोबर. तिन्ही तालुक्यांत दुरुस्त प्रोग्राम चालू झाल्याचं तिथून त्यांना कळवलंय. आज पहिल्यांदा वाटलं — संपलं.

३ मार्च, बुधवार

क्लासचा हॉल एका ट्रेनिंगसाठी दिला होता. दूरच्या जिल्ह्यातून एक जण आला होता, टाय घालून. त्याने मुलांच्या वजनांचा प्रोग्राम दाखवला. रंग निळा. बटणं गोल. पण तोच! चहाच्या सुट्टीत आत उघडून पाहिलं. वर एकही नाव नाही. सीडेट. सतरा ठिकाणी.

विचारलं, किती गावांत चालतो?

"साडेचारशे."

कुणाकडून मिळाला?

"मिळाला म्हणजे? मी केलाय."